खालच्या लीगमध्ये गेलेले स्पीडवे क्लब, नवीन रायडर आणि आपल्या नाशिकची पोरं

पेठरोड_रायडर

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब झालीये पण शेवटपर्यंत वाचा, कारण खरा प्रश्न खाली आहे.

मी बरेच दिवस इंग्लंडचं स्पीडवे फॉलो करतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मातीचा ओव्हल ट्रॅक, गेटवर चार रायडर, चार लॅप, ५०० सीसीची सिंगल सिलेंडर बाइक, ब्रेक नाही, गिअर एकच, टाकीत पेट्रोलऐवजी मिथेनॉल आणि प्रत्येक टर्नला मागचं चाक बाहेर काढून बाइक आडवी घालायची. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला शून्य. हीट मिनिटभरात संपते, अशा पंधरा हीटची एक मॅच, क्लब विरुद्ध क्लब, एका टीममध्ये सात जण. मोटरसायकलची रेस असून टीमचा खेळ आहे हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

आता प्रश्न. तिथे वरपासून तीन लीग आहेत, प्रीमियरशिप, चॅम्पियनशिप आणि नॅशनल डेव्हलपमेंट लीग. पूल पायरेट्स हा माझा क्लब, २०१८ ला सगळ्यात वरची लीग जिंकलेला, आणि त्यांनी २०२० च्या सीझनसाठी स्वतःहून एक पायरी खाली चॅम्पियनशिपमध्ये जायचं ठरवलं. हरले म्हणून कोणी ढकललं नव्हतं. २०२० चा सीझन कोविडमध्ये गेला, मग २०२१ आणि २०२२ ला लागोपाठ त्यांनी ती खालची लीग जिंकली. मला अजून नीट समजलेलं नाही की जिंकणारा क्लब आपणहून खाली का जातो आणि त्याने नवीन पोरांचं खरंच भलं होतं का फक्त प्रमोटरचा, म्हणजे क्लब चालवणाऱ्याचा, खर्च वाचतो.

हे विचारायचं कारण घरचंच आहे. पेठ रोडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही बारा ते सोळा वयाच्या पोरापोरींना मातीवर बाइक चालवायला शिकवतो, मुरूम टाकून छोटा ओव्हल केलाय. पोरं बरी चालवायला लागलीत आणि आता काही पालक म्हणतायत की इथे गोल गोल फिरण्यात वेळ घालवू नका, रेसिंगचं लायसन्स काढा आणि डायरेक्ट नॅशनल सुपरक्रॉसच्या (मोठ्या जंपवाली मातीची रेस) राउंडला उतरवा, एक्स्पोजर मिळेल. मला वाटतं आधी इथेच, आपल्या पातळीवर नियमित रेस पाहिजेत. पण मला ते नीट पटवून देता येत नाहीये. तिकडच्या अनुभवावरून कोणी सांगू शकेल का की खालची लीग पोराला नेमकं काय देते?

लेस्टरची_स्नेहाताई

पोस्ट बघून फार बरं वाटलं रे. माझं माहेर जेल रोडचं, लग्नानंतर लेस्टरला आले आणि नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने बोमाँट पार्कला स्पीडवे बघायला नेलं तेव्हापासून आमचं घरच लेस्टर लायन्स क्लबचं झालंय. त्यामुळे तुझ्या प्रश्नावर मला भरपूर बोलायचंय.

पहिली गोष्ट, आपल्याला फुटबॉलची सवय असते ना की शेवटचे दोन-तीन खाली आणि खालचे वर, तसं ब्रिटिश स्पीडवेत आपोआप होत नाही. कुठल्या लीगमध्ये धावायचं हे क्लब आपल्या खिशाकडे, मॅचच्या आपल्या ठरलेल्या वाराकडे आणि मिळणाऱ्या रायडरकडे बघून ठरवतो. वरच्या लीगमध्ये पोलंड, स्वीडनमध्ये पण धावणारे महागडे रायडर लागतात, त्यांना पॉइंटमागे पैसे द्यावे लागतात, त्यांच्या तारखा सांभाळाव्या लागतात. तिकीट काढून बघायला तेवढी माणसं आली नाहीत तर क्लब दोन सीझनमध्ये बुडतो. आमचंच बघ, लेस्टर २०१८ पर्यंत प्रीमियरशिपमध्ये होता, २०१९ ला चॅम्पियनशिपमध्ये उतरला आणि त्याच वर्षी ती जिंकला, मग २०२३ ला परत वर गेला. मधली वर्षं वाया गेली असं इथे कोणी म्हणत नाही. उलट त्या वर्षांत स्टँडमध्ये लहान मुलं घेऊन येणारी कुटुंबं मी जास्त बघितली, कारण टीम जिंकत होती आणि रायडर ओळखीचे वाटत होते, मॅच झाल्यावर पिटमध्ये, म्हणजे बाइक तयार करायच्या जागेत, थांबून बोलायचे.

आता पोरांचं. तिसरी पायरी जी आहे ना ती खास त्यांच्यासाठीच आहे. मोठे क्लब तिथे आपली दुसरी टीम उतरवतात. आमचे लायन कब्ज, मँचेस्टरच्या बेल व्ह्यूचे कोल्ट्स. तोच ट्रॅक, तीच पिट, तेच ट्रॅकवाले, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं ज्या टर्नवर शिकतं त्याच टर्नवर चार वर्षांनी मोठ्या टीमकडून धावतं. डॅन ब्यूली कोल्ट्समधूनच पुढे आला आणि २०२२ ला कार्डिफच्या मोठ्या स्टेडियममध्ये ब्रिटिश ग्रांप्री जिंकला. टाय वॉफिंडेन २००६ ला स्कन्थॉर्पकडून तेव्हाच्या तिसऱ्या लीगमध्ये, कॉन्फरन्स लीगमध्ये धावला होता, वय पंधरा-सोळा, आणि २०१३ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, नंतर २०१५ आणि २०१८ ला परत. मला नाही वाटत की त्या वयात त्याला डायरेक्ट वरच्या लीगमध्ये टाकलं असतं तर हे झालं असतं. रोज शेवटचा येणाऱ्या पोराच्या तोंडावर फक्त पुढच्यांच्या चाकाची माती येते, त्यातून तो काही शिकत नाही.

आणि एक राहिलं. पोरं एकाच लीगमध्ये अडकून नसतात. तिसऱ्या लीगमधला चांगला पोरगा त्याच सीझनमध्ये दुसऱ्या लीगच्या टीममध्ये पण रिझर्व्ह म्हणून धावू शकतो, सहा आणि सात नंबरला. दोन नंबरची हीट रिझर्व्ह रायडरची असते, तिथे समोर पण त्याच्यासारखेच असतात. २०२१ पासून प्रीमियरशिपच्या प्रत्येक टीममध्ये एक रायझिंग स्टार म्हणजे तरुण ब्रिटिश रायडर ठेवायचा असा नियम आला. म्हणजे शिडीच्या सगळ्या पायऱ्यांना कुठेतरी पोरांसाठी जागा राखलेली आहे. नाशिकला नेमकी ही जागा नाहीये असं मला तुझ्या पोस्टवरून वाटतंय.

सातपूर_इंजिनवाला

स्नेहाताईंनी लीगचं सांगितलं, मी मशीनचं आणि मिनिटांचं सांगतो, कारण पालकांना तेच पटेल.

माझी उभी हयात सातपूरला इंजिन खोलण्यात गेली. आमच्या पिढीला जावा म्हंजे म्हैसूरवाली, दोन सायलेन्सरची, पण त्याच नावाची चेक कंपनी स्पीडवेची बाइक बनवायची आणि अख्ख्या युरोपात ती धावायची, आता बहुतेकांकडे इटलीचं जीएम इंजिन असतं. वजन ७७ किलोच्या खाली चालत नाही, म्हंजे आपल्या साध्या शंभर सीसी गाडीपेक्षा पण हलकी, आणि पॉवर तिच्या दहापट समजा. असं इंजिन ठराविक हीट झाल्या की ट्यूनरकडे जातंच. टायर घासतात, क्लच प्लेट जळतात, चेन ताणली जाते. वरच्या लीगमध्ये रायडर दोन-तीन इंजिन घेऊन फिरतो, मेकॅनिक ठेवतो, व्हॅन ठेवतो. खालच्या लीगमध्ये एक बाइक, एक जुनं इंजिन, बाप मेकॅनिक, भाऊ ड्रायव्हर, तरी पोरगं धावू शकतं. क्लबचा खर्च वाचतो हे खरंय पण त्यापेक्षा जास्त घरच्यांचा वाचतो, आणि घर टिकलं तरच रायडर टिकतो.

आता मिनिटांचा हिशोब. एक हीट साधारण साठ सेकंदांची. एका मॅचमध्ये पोराला चार राइड मिळाल्या तर चार मिनिटं रेसिंग झालं. संध्याकाळभर उभं राहून चार मिनिटं! आणि त्यातला निम्मा खेळ तर गेट सुटून पहिला टर्न येईपर्यंतच होऊन जातो. पहिल्या टर्नला कोण कुठे आहे त्यावर पुढचं ठरतं. ही गोष्ट प्रॅक्टिसला एकट्याने फिरून येत नाही, शेजारी तीन बाइक कोपराला कोपर लावून पाहिजेत आणि त्या तिघांचा वेग तुमच्यासारखा पाहिजे. समोरचे खूप फास्ट असले तर ते पहिल्या टर्नला निघून जातात, उरलेले साडेतीन लॅप पोरगं एकटंच फिरतं. खालच्या लीगचा फायदा एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे, तिथे शेवटच्या लॅपपर्यंत कोणीतरी बाजूला असतं.

गावच्या जत्रेत आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात पोरासोरांच्या, मग मानाच्या. रेवड्यांवर लढल्याशिवाय कोणी पोराला मानाच्या कुस्तीत सोडत नाही, इथे पण तसंच धरा.

पेठ रोडवाल्या भाऊंना एक सूचना. मिथेनॉलच्या नादाला लागू नका. विष आहे ते, आपल्याकडे परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आणि पेटलं तर दिवसा उजेडी त्याची ज्वाळा नीट दिसत पण नाही, पोरगं जळतंय हे शेजारच्याला कळायला उशीर होतो. तुमच्या पोरांना शंभर-सव्वाशे सीसीची पेट्रोल गाडी पुष्कळ झाली, मागचा ब्रेक ठेवा, आणि मनगटाला बांधायची ती कट-ऑफची दोरी आधी बसवा. पोरगं पडलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद. स्पीडवेत ती सगळ्यांना असते. आपल्याकडे मी कोणाच्या मनगटाला अजून बघितली नाही आणि ते मला फार खटकतं.

कॉलेजरोड_९८

सगळ्यांचं वाचलं. मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

खाली गेलं की क्लब वाचतो आणि पोरं घडतात हे चित्र अर्धंच आहे. ईस्टबोर्नचं उदाहरण घ्या. २०१४ पर्यंत सगळ्यात वरच्या लीगमध्ये, मग थेट तिसऱ्या लीगमध्ये गेले, २०१८ ला ती जिंकली, २०१९ ला दुसऱ्या लीगमध्ये आले आणि २०२१ ला सीझन अर्धा असतानाच बंद पडले. म्हणजे जे सांगतात तसं सगळं केलं, पायरी पायरीने वर आले, तरी संपलं. बाकी ठिकाणी तर स्टेडियमच जातं, स्विंडन गेलं, पीटरबरो गेलं, वॉल्व्हरहॅम्प्टन गेलं. जमीन दुसऱ्याची असली की तुम्ही कुठल्याही लीगमध्ये असा, एक दिवस मालक घरं बांधतो किंवा दुसरं काही काढतो.

दुसरं म्हणजे त्यांचा पॉइंट लिमिटचा नियम. प्रत्येक रायडरची सरासरी काढतात, चार राइडला किती पॉइंट अशी, आणि सात जणांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. टीम बरोबरीच्या राहाव्यात म्हणून हे केलं, ठीक. पण होतं काय की क्लबने पोराला दोन वर्षं घासून तयार केलं, त्याची सरासरी वाढली, की पुढच्या वर्षी बेरीज बसत नाही आणि कोणाला तरी सोडावं लागतं, आणि बऱ्याचदा तो सुधारलेला पोरगाच जातो. मेहनतीचं फळ दुसरा क्लब खातो. असं असेल तर प्रमोटर पोरांवर खर्च कशाला करेल?

पोलंडचं मॉडेल मला जास्त पटतं. तिथे वर-खाली खरोखर होतं, पैसा प्रचंड आहे, स्टेडियम भरतात, आणि टीममध्ये ज्युनिअर ठेवणं सक्तीचं आहे, दोन नंबरची हीट फक्त ज्युनिअरची. क्लबला स्वतःची शाळा चालवावी लागते. बार्टोश झ्मार्झलिक गोझूफच्या क्लबमध्ये वाढला, लहानपणीच तिथल्या टीममध्ये आला आणि २०१९ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्यानंतर तर जिंकतच सुटलाय. म्हणजे खाली पाठवायची गरज नाही, वरच जागा सक्तीची करा. आपल्याकडे पण तेच करायला हवं. २०२४ ला पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीग झाली त्यात ८५ सीसीचा ज्युनिअर गट होताच की. मोठ्या स्टेजवर पोरांना बघून बाकीची पोरं खेळाकडे येतात. पेठ रोडच्या मुरमावर बघायला कोण येणार, खरं सांगा.

लेस्टरची_स्नेहाताई

@कॉलेजरोड_९८ ईस्टबोर्नचं तू म्हणतोस ते सगळं खरंय, मला पण वाईट वाटलं होतं. पण तो क्लब बंद पडला म्हणून त्या चार-पाच वर्षांत तिथे धावलेल्या पोरांनी शिकलेलं पुसलं गेलं नाही ना, ती दुसरीकडे धावतातच. क्लब आणि रायडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि वर्किंग्टन बघ, २०१८ ला सगळं जिंकून बंद पडला, मैदान गेलं. मग २०२३ ला नव्या जागी परत उभा राहिला तो थेट तिसऱ्या लीगमध्ये, आणि २०२४ ला दुसऱ्या लीगमध्ये. तिसरी पायरी नसती तर परत यायला दारच नव्हतं त्यांना.

पॉइंट लिमिटबद्दल मात्र मी तुझ्याच बाजूने आहे. इथे स्टँडमध्ये पण लोक याच्यावर वैतागलेले असतात. सीझन संपला की आपला आवडता पोरगा राहणार का जाणार याची धाकधूक असते, आणि त्याने चांगलं केलं म्हणून तो जाणार हे लहान मुलांना समजावून सांगताच येत नाही. पण एक बोनस पॉइंटची गोष्ट तू सांगितली नाहीस ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याच टीमच्या पार्टनरच्या लगेच मागे येऊन समोरच्या टीमच्या एकाला तरी मागे ठेवलं तर त्या रायडरला सरासरीत एक बोनस मिळतो. त्यामुळे पोरगं पार्टनरला मागे टाकायला जीव काढत नाही, त्याच्या बाजूने ट्रॅक अडवून धरतं. मोठा रायडर मागे वळून बघतो, पोराला आतली लाइन देतो, स्वतः बाहेरून जातो. मला ते बघून डोळ्यांत आलेलं पाणी अजून आठवतं, इतकं सुंदर असतं ते. हे फक्त टीमच्या रेसमध्ये शिकता येतं आणि आपल्याकडे बाइकवरच्या पोरांना ते कोणी शिकवत नाही, सगळं एकेकट्याचं.

पोलंडचं म्हणशील तर पैसा आहे म्हणून सक्ती चालते रे. आणि तिथेसुद्धा २०२२ पासून चोवीसच्या आतल्यांची वेगळी लीग काढावीच लागली, कारण वरच्या मॅचमध्ये मिळणाऱ्या राइड कमी पडतात.

इंदिरानगरची_आई

मला स्पीडवेतलं काही कळत नाही, पण माझी मुलगी चौदाची आहे आणि ती अशाच एका ग्रुपमध्ये बाइक चालवते, म्हणून विचारते. घरी मोठी भांडणं आहेत यावरून. सासूबाईंचं म्हणणं मुलीला हे कशाला, आणि हिच्या बाबांचं म्हणणं उतरवायचं तर मोठ्या ठिकाणी उतरवू, छोट्यात काय मजा. गेल्या वर्षी एका ठिकाणी आम्ही तिला मोठ्या स्पर्धेत उतरवलं तेव्हा तिच्या गटात वयाने खूप मोठी मुलं होती, ट्रॅकवर मोठे जंप होते, आणि ॲम्ब्युलन्स कुठे आहे असं विचारलं तर कोणाला सांगता येईना. ती पहिल्याच जंपला घाबरून थांबली आणि नंतर महिनाभर गाडीला हात लावला नाही. मला हे कळत नाही की ती भित्री आहे म्हणून झालं का आम्ही चुकीच्या ठिकाणी नेलं. आणि मुली तिकडे धावतात का? त्यांचा वेगळा गट असतो का?

सातपूर_इंजिनवाला

ताई, तुमची मुलगी भित्री नाहीये. जिला जंप झेपणार नाही हे ट्रॅकवर असताना कळलं आणि जिने गाडी थांबवली तिची अक्कल शाबूत आहे, माझ्याकडे आलेली कितीतरी मोडकी फ्रेम आणि वाकलेले फोर्क अशा पोरांचे असतात ज्यांना ते कळलं नाही.

ओव्हलचा एक फायदा सांगतो. जंप नाही, सगळे एकाच दिशेने, डावीकडेच वळायचं. हात, खांदा, गळपट्टीचं हाड मोडतं, स्पीडवेत मोठ्यांचे फार वाईट अपघात पण होतात, ते मी लपवणार नाही, म्हणून तर वरच्या लीगमध्ये टर्नला हवा भरलेली कुंपणं लावतात. पण छोट्या ओव्हलला, छोट्या इंजिनवर वेगच तेवढा नसतो. डाव्या बुटाखाली स्टीलची प्लेट लावायची म्हंजे पाय मातीत अडकत नाही, घसरत जातो. ती प्लेट अंबडला कुठलाही फॅब्रिकेशनवाला बनवून देईल, पोराच्या पायाचं माप घेऊन जा, विकतची आणायला जाऊ नका, मापात बसत नाहीत आणि न बसलेली प्लेट पायातून निसटली तर मागच्याच्या अंगावर जाते.

बाकी गटाचं उत्तर स्नेहाताई देतील.

लेस्टरची_स्नेहाताई

हो, मुली धावतात, आणि लीगमध्ये त्यांचा वेगळा गट नाही, मुलांबरोबर त्याच गेटवर उभ्या राहतात. लहान वयात वयापेक्षा इंजिनाचे गट जास्त महत्त्वाचे, १२५ सीसी, मग २५० आणि मग ५००. ब्रिटिश युथ चॅम्पियनशिप पण अशाच गटांत होते. लीगच्या मॅचनंतर कधीकधी सेकंड हाफ असतो, म्हणजे मोठ्यांच्या हीट संपल्या की त्याच संध्याकाळी पोरांच्या दोन-तीन हीट. लोक घरी न जाता थांबतात. आमच्या शेजारची एक मुलगी तिथेच सुरू झाली, पहिल्या वर्षी ती प्रत्येक वेळी चौथी यायची आणि तरी लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे, कारण मागच्या वेळेपेक्षा तिसऱ्याच्या किती जवळ आली ते सगळ्यांना दिसत होतं. ताई, तुम्ही मुलीला असं ठिकाण शोधा जिथे तिला नावाने ओळखणारी माणसं बघायला असतील.

पेठरोड_रायडर

काका, ताई, मनापासून थँक्यू. @कॉलेजरोड_९८ तुझे पण मुद्दे लिहून घेतलेत, विशेषतः जमिनीचा. आमचा प्लॉट पण ओळखीवर चाललाय, उद्या तिथे द्राक्षाचं शेड उभं राहिलं तर आम्ही रस्त्यावर, त्यामुळे लेखी करार करून घेणं हे पहिलं काम.

मी पालकांसमोर असं मांडणार आहे, बघा काही सुटतंय का. पोरांच्या चार जणांच्या दोन टीम, वेगाप्रमाणे वाटून. महिन्यातून एक रविवार सकाळची मॅच, पॉइंट ३-२-१-० आणि पार्टनरच्या मागे आल्याचा बोनस धरून. प्रत्येकाची सरासरी एका वहीत, पण त्यावरून कोणाला बाहेर काढायचं नाही, फक्त दर मॅचला टीम परत बरोबरीच्या करायला वापरायची. ज्याची सरासरी सलग काही मॅच वर राहील त्याचंच लायसन्स काढून नॅशनलच्या राउंडला न्यायचं, आणि तो तिकडे गेला तरी घरच्या मॅच चुकवायच्या नाहीत, कारण लहान पोरांना समोर कोणीतरी बरा पाहिजे. सिन्नर आणि ओझरकडे पण आमच्यासारखे छोटे ग्रुप आहेत असं ऐकलंय, ते आले तर क्लब विरुद्ध क्लब होईल.

दोन गोष्टी अडल्यात. एक, वयाने मोठी पण नवीन पोरं कुठल्या गटात घ्यायची. दोन, मुरूम. दोन हीट झाल्या की आतल्या लाइनला खड्डा पडतो आणि बाहेर सगळी सुटी माती जमा होते, धूळ तर विचारू नका.

कॉलेजरोड_९८

सरासरीवरून कोणाला काढायचं नाही हे वाचून बरं वाटलं, माझी तीच तक्रार होती. मोठी पण नवीन पोरं असतील तर वय बघू नका, हँडिकॅप लावा, ऑस्ट्रेलियात पूर्वी स्पीडवेत चालायचं ते. फास्ट रायडर गेटच्या काही मीटर मागून सुटतो. सगळे शेवटच्या लॅपला एकत्र येतात आणि फास्टवाल्याला पण पुढच्यांना पास करायची प्रॅक्टिस मिळते. मात्र बारा वर्षांच्या पोराला अठराच्या धटिंगणाबरोबर एका हीटमध्ये घालू नका, पडल्यावर वजनाचा फरक पडतो. आणि बालेवाडीसारखं काही परत झालं तर पोरांना बघायला तरी न्या रे, माझ्या ओळखीत गाडीची सोय होईल.

सातपूर_इंजिनवाला

मुरमाचं ऐका. तुम्ही मुरूम नुसता पसरलाय, दाबलेला नाही, म्हणून खड्डा पडतो. खाली कडक थर पाहिजे, तो पाणी मारून रोलरने बसवायचा, आणि वरती फक्त दोन-तीन बोटं सुटा माल. तिकडे ग्रॅनाइटचा नाहीतर विटांचा चुरा वापरतात, आपल्याकडे वीटभट्टीवर फुटक्या विटा मिळतात त्या बारीक करून मुरमात मिसळा, पकड येते आणि पाणी धरून ठेवते. पाणी आदल्या संध्याकाळी भरपूर मारा आणि सकाळी फक्त शिंपडा. सकाळी भरपूर मारलं तर वरचा चिखल होतो आणि खालचं कोरडंच राहतं, पोरं पहिल्या टर्नलाच लोळतील.

दर तीन-चार हीटनंतर ट्रॅक्टरच्या मागे जुना लोखंडी अँगल किंवा जाळी बांधून बाहेरची माती आत ओढायची. त्यांच्याकडे पण मॅचच्या मध्ये ट्रॅक्टर फिरतोच, पोरांना तेवढं पाणी प्यायला मिळतं. जून ते सप्टेंबर ट्रॅक बंदच ठेवा, पावसात मुरूम वाहून जाईल. त्या महिन्यांत पोरांना माझ्याकडे पाठवा दोघा-दोघांच्या बॅचने, क्लच प्लेट बदलणं आणि चेन ताणणं तरी यायला पाहिजे. पुढच्या रविवारी मी ट्रॅक बघायला येतो, त्या इंदिरानगरच्या ताईंना पण मुलीला घेऊन यायला सांगा, आणि ॲम्ब्युलन्सची गाडी गेटच्या आत उभी नसेल तर एकपण बाइक स्टार्ट करू नका.